आम्हीच मावा झाकून ठेवला

तात्यांचा फोन पावणेसातला आला. "सर, रात्री वाऱ्यानं एका बेडचं कापड उचकटलं. नीट कराय गेलो तर हाताला चिकट लागतंय. पानं पण मुडपल्यात."

चिकट म्हटल्यावर मला जे कळायचं ते कळलं: मावा, पानांचा रस शोषून चिकटा सोडणारी बारीक कीड. चहा न घेताच गाडी काढली.

मी नर्सरीत कामाला आहे. रोपं विकायची आणि पुढे दोन महिने त्या रोपांच्या मागे बांधाबांधानं फिरायचं, दोन्ही माझ्याकडेच. तात्यांचं एकरभर कलिंगड करमाळा तालुक्यात, उजनीच्या फुगवट्यालगत. सहा फुटांवर बेड, म्हणजे मातीचे उंच वाफे, त्यांवर ठिबक, प्लास्टिकचा मल्चिंग पेपर, सव्वा फुटावर रोप, म्हणजे सहा हजारांच्या आसपास रोपं. आदल्या वर्षी फुलकिड्यांनी विषाणू आणला, शेंडे जळाले आणि निम्मा प्लॉट हातचा गेला. म्हणून त्या वर्षी कीड बाहेर राहावी यासाठी क्रॉप कव्हर घाला असा लकडा मीच लावला. 17 जीएसएमचं पांढरं कापड, म्हणजे चौरस मीटरला जेमतेम 17 ग्रॅम वजन. बांबूच्या कामट्या कमानीसारख्या रोवायच्या, वरून कापड ताणायचं, दोन्ही कडा मातीत गाडायच्या. एकरात सव्वासात हजार फूट बेड होतो. नवरा-बायको आणि चार बायका, तीन दिवस तेच करत होते.

निघताना मी ठासून सांगितलं होतं, "मादी फुलं येईपर्यंत कापडाला हात लावायचा नाही." काकू तेव्हाच म्हणाल्या होत्या, "उघडायचंच न्हाई तर फुलं आली ती कळायची कशी?" मी हसण्यावारी नेलं.

लागणीला त्या दिवशी 19 दिवस झाले होते. लांबून प्लॉट देखणा दिसत होता, पांढऱ्याशुभ्र ओळीच्या ओळी. उचकटलेल्या बेडापाशी बसून मी कापड आणखी दोन हात सरकवलं. मल्चिंगच्या चंदेरी कागदावर पीठ सांडल्यासारखं काहीतरी पांढरं पडलेलं. माव्याची कात होती ती. पान उलटलं तर खाली बोट टेकवायला जागा नव्हती. हिरवा-काळा मावा एकावर एक बसलेला. कापडाच्या आतल्या बाजूला चिकट्याचे डाग, त्यावर धूळ धरलेली. शेंडे मुठीसारखे मिटलेले.

"कापड असताना आत आला कुठनं?" तात्यांनी विचारलं.

खरं उत्तर माझ्या घशात अडकलं होतं. ट्रेमधून, आमच्याच रोपांवर बसून. दहा-वीस असतील तेवढे पुरतात. माव्याच्या मादीला नर लागत नाही, ती थेट पिल्लं घालते आणि आठवड्याभरात त्या पिल्लांना पिल्लं होतात. वर कापडाखालची ऊब. मी ते सांगितलं, आमच्या रोपांसकट. तात्या काही बोलले नाहीत. ते शिव्या देते तर बरं झालं असतं.

काकूंनी मात्र हात धरून शेवटच्या बेडाकडे नेलं. तिथं कापड पुरलं नव्हतं, म्हणून तो उघडाच राहिला होता. मावा तिथंही होता, पण विरळ. एका पानाखाली ढालकिड्याची अळी फिरत होती, काळी, नारिंगी ठिपक्यांची, सुसरीच्या पिल्लासारखी. आमच्यासमोर तिनं एक मावा धरला आणि खाल्ला. बाजूला दोन-चार मावे फुगून बदामी पडलेले; त्यांच्या पोटात बारीक गांधीलमाशीनं अंडं घातलेलं. हे सगळे राखणदार आम्ही कापड गाडून बाहेर ठेवले होते.

"मी आठ दिवसांमागं म्हणलं व्हतं," काकू म्हणाल्या, "कापडाच्या कडंला मुंग्यांची रांग लागलीया म्हणून. मुंग्या उगं जात न्हाईत." म्हटलं होतं खरं. तात्यांनी ते फोनवर मला सांगितलंही होतं आणि मी म्हणालो होतो, मुंग्यांचं काय एवढं! त्या माव्याच्या गोड चिकट्यासाठीच जात होत्या.

दुपारपर्यंत सगळे बेड जागोजाग उघडून पाहिले. सात बेडांवर मावा होता, बाकीचे स्वच्छ. त्या सातांवरची फार गेलेली रोपं पिशवीत उपटून घेतली. संध्याकाळी ऊन उतरल्यावर निंबोळी अर्क मारला, नळी खाली धरून, पानाच्या पाठीला लागेल असा. तिसऱ्या दिवशी परत. मध्ये त्या सात बेडांवर कापड घातलंच नाही.

बिनकापडाचा बेड बघून तात्या सगळंच कापड काढायला निघाले होते, त्यांना कसंबसं थोपवलं. ते बरं झालं. पुढच्या दहा दिवसांत त्या उघड्या बेडावर शेंडे जळायला लागले, तोच आदल्या वर्षीचा रोग. चाळीसेक वेल उपटावे लागले. कापडाखालच्या बेडांत तसे वेल शोधून पाच-सहा सापडले.

28 व्या दिवशी सकाळी सातच्या आत सगळं कापड काढलं, कारण कलिंगडाचं फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं. मधमाशी यायची ती तेवढ्यातच, आणि तिच्याशिवाय फळ धरत नाही. साडेआठला पहिल्या मधमाश्या आल्या.

यंदाही तात्यांनी कापड घेतलंय. रोपं उतरवायला गेलो तर काकू टेम्पोपाशीच उभ्या. एकेक ट्रे उन्हाकडे धरून पानांची पाठ बघत होत्या. दोन ट्रे त्यांनी परत गाडीत ठेवले आणि मला म्हणाल्या, "हे तुमच्याकडंच असू द्या."