वकिलांच्या पोर्टलला ऑनलाइन सेफ्टी ॲक्ट लागतो?

लंडनमधल्या एका छोट्या सॉलिसिटर फर्ममध्ये मी कम्प्लायन्सचं, म्हणजे नियम पाळले जातात की नाही हे पाहण्याचं, काम बघते. इंटरनेटवरच्या बेकायदा आणि मुलांना घातक मजकुराला आळा घालणारा ब्रिटनचा ऑनलाइन सेफ्टी ॲक्ट, २०२३ आला तेव्हा पार्टनर मंडळी म्हणाली, "हे फेसबुकवाल्यांचं झंझट, आपल्याला काय?" पण फर्म केवढी, यावर हा कायदा सोडत नाही. एकाने टाकलेला मजकूर दुसऱ्या वापरकर्त्याला दिसू शकतो का, हा खरा प्रश्न.

म्हणून आमचं क्लायंट पोर्टल उघडून बसले. ईमेलला सूट आहे. अशिलाने वकिलाला पाठवलेली कागदपत्रंही सुटली, कारण फर्मच्या कामासाठी पोर्टलवर असलेला कर्मचारी कायद्याच्या लेखी वापरकर्ताच नाही. घोडं अडलं ग्रुप रूमवर. सर्व्हिस चार्जच्या वादात एका इमारतीचे सगळे फ्लॅटधारक तिथे आपसात बोलतात, फोटो टाकतात. कंपनीच्या अंतर्गत साधनांना सूट आहे खरी, पण अशिलांना ओढूनताणून तिच्यात बसवणं मला पटेना.

म्हणजे ग्रुप रूमला कायदा लागू. मग बेकायदा मजकुराचं रिस्क असेसमेंट, म्हणजे धोक्याचं लेखी मूल्यमापन, मुदत १६ मार्च २०२५. ऑफकॉमने, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या ब्रिटिश नियामक संस्थेने, सांगितलेले १७ प्रकार एकेक करून तपासायचे: दहशतवाद, बालकांचं लैंगिक शोषण, फसवणूक, छळ... नुसतं "धोका नाही" लिहून भागत नाही, का नाही तेही लिहावं लागतं. बहुतेक ठिकाणी कारण तेच: आमंत्रणाशिवाय प्रवेश नाही आणि ओळख तपासल्याशिवाय आम्ही कुणाला अशील करून घेत नाही. छळ आणि धमक्यांपुढे मात्र मी "नगण्य" लिहू दिलं नाही. सोसायटीच्या मीटिंगा पाहिलेल्या माणसाला कारण सांगायला नको.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते गोपनीयतेने. तक्रार आली तर मजकूर वाचणार कोण? वकील-अशिलामधलं बोलणं सॉफ्टवेअर कंपनीच्या माणसाला उघडू देणं शक्यच नव्हतं. शेवटी तक्रारी थेट एका पार्टनरकडे जातील असं ठरलं आणि जबाबदार व्यक्ती म्हणून त्यांचंच नाव नोंदवलं. आक्षेपार्ह संदेश रूममधून काढायचा, पण प्रत जपून ठेवायची. उद्या दाव्यात लागेल.

मुलांच्या वापराची तपासणी त्यामानाने सोपी गेली. फ्लॅटमालकांत मुलं कुठून येणार? तरी ती लेखी हवी, आणि दरवर्षी पुन्हा.

दंडाचा आकडा, १.८ कोटी पौंड किंवा उलाढालीच्या १०%, यांपैकी जास्त ते, ऐकून एक पार्टनर म्हणाले, "रूमच बंद करू." मी म्हटलं, मग ही मंडळी व्हॉट्सॲपवर जातील आणि आपला सल्लाही तिथे फिरेल. रूम राहिली, बाहेरच्या लिंका टाकायची सोय तेवढी काढली.