पाइमिओ: गावांनी मिळून बांधलेले क्षयरोग रुग्णालय

फिनलंडमध्ये तुर्कू शहराच्या पूर्वेला सुमारे 30 किलोमीटरवर पाइमिओ हे छोटे गाव आहे, आणि गावाबाहेर पाइनच्या रानात ते जुने आरोग्यधाम उभे आहे, ज्यासाठी मी मुद्दाम वाट वाकडी केली होती. वास्तुकलेचे अभ्यासक येथे फिनिश वास्तुशिल्पी आल्वार आल्टो यांचे काम पाहायला येतात. मला मात्र ते बांधवून घेणाऱ्यांविषयी अधिक कुतूहल होते. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ ऐन पंचविशीत क्षयाने गेले. त्यांची खाट मागच्या पडवीत असे आणि ताटवाटी वेगळी असे, एवढेच घरात सांगितले जाई. त्याच सुमारास येथील गावांनी आपल्या रोग्यांसाठी काय केले, ते मला पाहायचे होते.

स्ट्रेप्टोमायसिन या क्षयावरील पहिल्या परिणामकारक औषधाचा शोध 1943 साली लागला. तोवर विश्रांती, सकस आहार, ऊन आणि मोकळी हवा हाच मुख्य उपचार होता, आणि तो महिनोन्‌महिने चाले. एकट्या खेड्याला हा भार पेलणे शक्य नसल्याने नैर्ऋत्य फिनलंडमधील 52 स्थानिक स्वराज्य संस्थांनी मिळून हे रुग्णालय उभारले. मुंबईकरांना महापालिकेचे शिवडीचे क्षयरोग रुग्णालय ठाऊक असते, पण ते एका मोठ्या महानगराचे काम आहे; लहान गावांनी सामाईक तिजोरी उभी करावी, हे मला अधिक मोलाचे वाटते. 1929 साली स्पर्धेतून आल्टो यांचा आराखडा निवडला गेला. तुर्कू शहर योजनेत सामील झाल्यावर खाटा वाढवाव्या लागल्या आणि रुग्णांच्या इमारतीचे मजलेही वाढले. 1933 साली बांधकाम पूर्ण झाले.

मी सर्वांत जास्त वेळ रेंगाळले ते दोन खाटांच्या एका खोलीत. दिवसभर पडून राहणाऱ्या माणसाला छतच दिसते, म्हणून छताला डोळ्यांना निववणारा गडद हिरवा रंग दिला होता आणि दिव्याचा उजेड थेट डोळ्यांवर येणार नाही अशी योजना केली होती. दोघांना दोन स्वतंत्र हातधुणी होती, आणि पाण्याची धार कोनात पडून आवाज होऊ नये, शेजाऱ्याची झोप मोडू नये, अशा बेताने ती घडवली होती. दारांच्या मुठीही डॉक्टरांच्या कोटाची बाही अडकणार नाही अशा वळवलेल्या आहेत. हा सारा खर्च सार्वजनिक पैशांतून झाला, तोही घरच्यांनीसुद्धा दूर ठेवावे अशा रोग्यांसाठी, या विचाराने माझे डोळे भरून आले.

इमारतीच्या टोकाला, प्रत्येक मजल्यावर, एकेकाळी उघड्या गच्च्या होत्या. तेथे रुग्ण हिवाळ्यातही पांघरुणे लपेटून रांगेने पडून राहत. औषधे आली, क्षयरोगी कमी झाले आणि 1960 च्या दशकात त्या गच्च्या बंद करून आत खोल्या काढल्या गेल्या. बाहेरून पाहताना आता तेथे फक्त खिडक्यांच्या ओळी दिसतात. छतावरच्या गच्चीतून मात्र रुग्णांना दिसत असे तेच रान आजही क्षितिजापर्यंत दिसते.