कळ काढा

परवा दुपारी डबा खाऊन झाल्यावर एका सप्लायरला व्हॉट्सॲपवर लिहिलं, "गॅस्केट आजच पाठवा." फोनने परस्पर त्याचं "गाजर आजच पाठवा" केलं. चष्मा काढून बसले होते त्यामुळे मला काही दिसलं नाही, आणि दोन मिनिटांत त्या माणसाचं उत्तर आलं, "मॅडम, किती किलो?" पंचवीस वर्षं पर्चेसमध्ये काढल्यावर ही वेळ. त्याची काही चूक नाही म्हणा, हलव्याला किलो सांगावेच लागतात.

तर या गाजरापायी मी पुन्हा एकदा त्या फोनचे फोटो उघडून बसले. लेक म्हणते तसं, तुझं ते स्थळ बघणं चालू झालं का. स्थळाचं नाव क्लिक्स कम्युनिकेटर. २०२६च्या जानेवारीत, लास वेगासला ते मोठं इलेक्ट्रॉनिक्सचं प्रदर्शन भरतं ना, तेव्हा जाहीर झालं. काढणाऱ्यांत एकजण असा आहे की ज्याने ब्लॅकबेरी या बटणांच्या फोनच्या वेड्यांसाठी क्रॅकबेरी नावाची वेबसाइट काढलेली, म्हणजे घराणं चांगलं आहे. चार इंचाची बेताची स्क्रीन, तिच्याखाली खरीखुरी बटणं, स्पेसबारमध्येच बोटाचा ठसा, आणि हेडफोनचं भोकसुद्धा आहे, जे सगळ्यांनी का बुजवलं ते मला आजवर समजलेलं नाही. किंमत ४९९ डॉलर, म्हणजे पंचेचाळीस हजारांच्या घरात, वर कस्टमवाले जे काय घेतील ते. येणार कधी तर म्हणे २०२६मध्येच कधीतरी.

नवऱ्याला दाखवला तर म्हणाला, "अगं पण हा बिझनेस फोन आहे, तुझा कुठला बिझनेस अडलाय?" आता याला काय सांगणार. बिझनेस फोन म्हणजे बिझनेस करणाऱ्यांचा फोन असं मला कधी वाटलंच नाही. बटणं असलेला, काळा किंवा करडा, गाणी-बिणी फार नाहीत, आणि हातात धरला की आपण कोणाचंतरी काहीतरी अर्जंट काम करतोय असं समोरच्याला वाटतं तो बिझनेस फोन. आमच्या साहेबांकडे २००८ साली नोकियाचा ई एकाहत्तर आला होता. स्टीलची पाठ, एक सेंटिमीटर जाडी, आणि मीटिंगमध्ये साहेब टेबलाखाली न बघता दोन्ही अंगठ्यांनी ईमेल लिहायचे, तो बारीक टिकटिक आवाज यायचा, पाल चुकचुकल्यासारखा. रेट निगोशिएट करायला आलेला माणूस त्या आवाजाने निम्मा गार व्हायचा. नंतर एकदा साहेबांनीच सांगितलं की बऱ्याचदा ते नुसतंच काहीतरी बडवत असत.

मला तो परवडणारा नव्हता आणि ऑफिस काही मला फोन देणार नव्हतं. मग २००९च्या जूनमध्ये ई बहात्तर जाहीर झाला आणि मी वाट बघायला लागले. पाच मेगापिक्सेल कॅमेरा, साडेतीन एमएमचं हेडफोन भोक (एकाहत्तरला अडीचचं होतं, कुठलाच बरा हेडफोन बसायचा नाही), आणि मधलं बटण असं की त्यावर नुसता अंगठा फिरवला तरी स्क्रीनवरचं सरकायचं. जूनपासून वर्षअखेरपर्यंत तो फोन कुठल्याच दुकानात नव्हता पण माझ्या डोक्यात होता. रात्री भांडी आवरता आवरता कोणत्या बटणावर कोणता शॉर्टकट ठेवायचा ते ठरवायचे. पीएमटीच्या बसमध्ये पर्सच्या पट्ट्यावर अंगठे चालवून बघायचे, शेजारच्या बाईला वाटलं असेल हिची साडेसाती चालू आहे, जप करतीय.

खरं सांगायचं तर ती सहा महिन्यांची वाट हेच त्या फोनचं सगळ्यात चांगलं मॉडेल होतं. हातात आला की पंधरा दिवसांत कुठल्याही फोनचा फोन होतो. मग त्यावर बिलं येतात, नणंदेचे मिस्ड कॉल येतात.

तरी एक गोष्ट मान्य करायला हवी, त्याचा स्पेसबार दाबून धरला की टॉर्च लागायचा. तेव्हाचं लोडशेडिंग आठवत असेल तर याचं मोल कळेल. सातारला गेलं की सकाळी एक पाळी, संध्याकाळी एक पाळी, आणि तेवढ्यात वीज गेली की मी मोठ्या ऐटीत स्पेसबार दाबायचे, स्वयंपाकघर उजळायचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, ओट्याशेजारी खुर्चीवर बसलेले असायचे. पहिल्यांदा दाखवला तेव्हा म्हणाले, "टॉर्च तर माझ्यातपण आहे." होताच. त्यांचा हजार-बाराशेचा साधा नोकिया होता, त्याला टॉर्च होता, आणि त्याच्या बटणांवर इंग्रजीबरोबर बारीक क ख ग छापलेलं होतं. ते मला तेव्हा खटकलं नाही. अण्णांना खटकलं. माझा फोन हातात घेऊन, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी सगळी बटणं ओळीने बघितली आणि विचारलं, "यात ळ कुठाय?"

अण्णा झेडपीत मराठी टायपिस्ट. आता मराठी टायपिस्ट म्हणजे काय ते आमच्या लेकीला सांगायला गेलं तर तिला वाटतं कोणीतरी फॉन्ट डाउनलोड करणारा माणूस. अण्णांचं मशीन गोदरेजचं होतं, (गोदरेजने १९५५ला भारतात टाइपरायटर बनवायला सुरुवात केली हे अण्णा असं सांगायचे जसं काही स्वतः हजर होते), करडं, बैलासारखं बसलेलं, रिबिन अर्धी काळी अर्धी लाल. शाळा सुटली की आईचा डबा परत आणायला मी तिथे जायचे आणि दारापासूनच कळायचं की आत मराठी चालू आहे का इंग्रजी. इंग्रजी आपलं सरळ टकटक टकटक जातं. मराठीला अडखळ आहे. अर्धा भ मारायचा, मग काना मारायचा, तेव्हा भ पुरा होतो. ख तसाच, ण तसाच. आणि पहिली वेलांटी असेल तर ती अक्षराच्या आधी मारायची. म्हणजे 'दिवस' लिहिताना द यायच्या आधीच त्याची वेलांटी कागदावर बसलेली असते, पाहुण्याच्या आधी चपला आल्यासारखी. वेलांटी टाकायची आणि मग द मारायचा. अण्णा कधी बोटांकडे बघायचे नाहीत. डावीकडे मजकूर, मान तिकडे, आणि बोटं आपली आपण पुढचं अक्षर ओळखून आधी वेलांटी टाकतायत. स्टेन्सिल, म्हणजे ज्यावरून पुढे प्रती काढायच्या तो मेणकागद, कापताना तर खोलीत कोणी बोलायचं नाही. तिथे चुकलं की ते लाल पाणी बारीक ब्रशने लावायचं, फुंकर मारून वाळवायचं आणि परत तेच अक्षर नेमकं त्याच जागी मारायचं. अण्णांची बाटली वर्षवर्ष पुरायची.

मला त्यांनी दहावीनंतरच्या सुट्टीत, १९९१ला, क्लासला घातलं. पिठाच्या गिरणीवरची खोली, खाली गिरणी सुरू झाली की वर मशीनं आपोआप थरथरायची. ए एस डी एफ जी एफ, सेमीकोलन एल के जे एच जे. पानंच्या पानं. करंगळीने ए मारताना इतकी कळ यायची, मनगटापर्यंत, की मी चोरून तर्जनी वापरायचे आणि सर पट्टी घेऊन मागे उभे. घरी येऊन रडले की अण्णा म्हणायचे, "जरा कळ काढ. आठवड्यात बसेल बोट." एवढंच. आईसुद्धा तेच म्हणायची, दूध तापायचं असो की निकाल लागायचा असो, कळ काढ की जरा. परीक्षेला क्लासची मशीनं टेम्पोत भरून सेंटरवर नेलेली, आपापलं मशीन आपणच उचलून बाकावर ठेवायचं, माझ्या मशीनचा एन रस्त्यात अडकला आणि मी सगळा उतारा दर एनला थांबून, बोटाने पट्टी मागे ओढत केला. पास झाले. आता तर त्या मशीनवरच्या परीक्षाच बंद झाल्या, सगळं कॉम्प्युटरवर.

पण बोट बसलं ते बसलंच. म्हणून मला काचेवर लिहिता येत नाही, येतं पण पटत नाही. काचेला काठ नाही. बोट कुठे आहे ते बोटाला समजत नाही, डोळ्यांनी सांगावं लागतं, आणि डोळे आता पन्नाशीचे. त्यामुळे मधल्या काळातही मी कुठे ना कुठे बटणांची वाट बघतच होते. २०१७ला ब्लॅकबेरीचा कीवन आला, २०१८ला की टू, दोन्ही वेळा दुकानात जाऊन हाताळून, बटणांवरून हात फिरवून परत ठेवले (मुलीची फी, मग गाडीचा हप्ता, असं काहीतरी असायचंच). २०२०च्या ऑगस्टमध्ये टेक्ससमधल्या एका नव्या कंपनीने जाहीर केलं की बटणांचा फाइव्ह जी ब्लॅकबेरी येणार, पुढच्याच वर्षी. लॉकडाउनमध्ये वाट बघायला काहीतरी मिळालं याचाच मला इतका आनंद झाला होता. तो काही आला नाही. २०२२च्या ४ जानेवारीला जुन्या ब्लॅकबेरींची सर्व्हिसही बंद झाली आणि त्या फेब्रुवारीत ती नवी कंपनीही. मला खरंच वाईट वाटलं, नवऱ्याला वाटलं ऑफिसमध्ये काहीतरी झालंय.

तर ळ. अण्णांना मी तेव्हा म्हटलं, अण्णा, यात इंग्रजी अक्षरांतच मराठी लिहायचं, सगळे तसंच लिहितात. त्यांनी फोन परत दिला. काही बोलले नाहीत. त्यांच्या फोनमध्ये देवनागरी होतं तरी ते स्वतः कधी मेसेज लिहायचे नाहीत, कारण तिथे आधी अक्षर आणि मग वेलांटी टाकावी लागायची आणि ते त्यांना उलटं वाटायचं. "वेलांटी आधी यायला पाहिजे," म्हणायचे, "मशीनला काय समजतंय." मेसेज वाचायचे मात्र सगळे. चष्मा लावून, एकेक अक्षर उलगडत, आणि मग फोन करून शंका विचारायचे. के ए एल. हे काल आहे, का कळ आहे, का काळ? मी म्हणायचे संदर्भावरून घ्यायचं हो अण्णा.

२०११च्या पावसाळ्यात त्यांना मुतखड्याचा त्रास झाला. रात्रीत उठून ॲडमिट केलं, सकाळी आईचा फोन, मी मिळेल त्या एसटीने निघाले आणि खंबाटकी घाटात ट्रक आडवा झालेला. अडीच तास. रेंज येतीय जातीय, बोलणं होईना, म्हणून त्या बहात्तरवर मी दोन्ही अंगठ्यांनी, बसच्या खिडकीतून पाऊस बघत, स्क्रीनकडे न बघता मेसेज लिहिला. एकही चूक नाही. कळ काढा, मी येतेय. के ए एल, के ए डी एच ए.

तासाभराने रेंज आली तेव्हा त्यांचाच फोन आला. आवाज बारीक झालेला पण मुद्दा पक्का. म्हणाले, "अगं, काल काढा म्हणजे काय? गेलेला काल कसा काढायचा?" मी म्हटलं अण्णा कळ, कळ काढा. तर म्हणतात, "असं होय. मी तुझ्या आईला म्हटलं, पोरगी काळ काढा म्हणतीय, म्हणजे वेळ लागेल तिला." आणि हसले, आणि हसल्यामुळे पुन्हा कळ आली, आईने फोन काढून घेतला.

तेव्हा बरे झाले. खडा पडला. पुढे सात वर्षं होते.

हे सगळं परवा त्या गाजरामुळे. मी नव्या फोनचा फोटो मोठा करून बटणं ओळीने बघितली, क्यू पासून एम पर्यंत. ळ नाहीये. म्हणजे मराठी लिहायचं तर पुन्हा इंग्रजी अक्षरं बडवायची आणि मग त्याने अंदाज करायचा की मला गॅस्केट हवंय का गाजर. तरी मी घेणार आहे बहुतेक. सांगता येत नाही.

अण्णांचा तो साधा नोकिया आईकडे आहे, कपाटात, चार्जरला रबर गुंडाळून ठेवलेला. मागच्या दिवाळीत सहज लावून बघितला तर चालू झाला. इनबॉक्समध्ये कंपनीचे रिचार्जचे मेसेज सगळे काढून टाकलेले, माझा तेवढा एक होता. आई म्हणाली, पुसायचा कसा ते त्यांना येत नसेल.