नाव .३८, माप भलतंच

बेल्जियममधल्या लिएजच्या कित्येक जुन्या रिव्हॉल्व्हरवर कॅलिबर, म्हणजे नळीचं-गोळीचं माप, कुठेच लिहिलेलं नसतं, हा वैताग ज्याने भोगलाय त्यालाच कळेल. माझ्याकडचं पिनफायर रिव्हॉल्व्हर असंच. सिलिंडरवर अंडाकृतीत ईएलजी असा प्रूफचा, म्हणजे चाचणीत पास झाल्याचा, शिक्का, वर मुकुट नाही म्हणजे १८९३ च्या आधीचं, एवढं कळलं, पुढे मग भिंग आणि बारीक मापं घ्यायचं व्हर्नियर घेऊन बसा. निघालं ९ मिमी. चेंबरांच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळ्यांच्या, मागच्या कडेला सहा बारीक खाचा आहेत, काडतुसाच्या अंगातून एक खिळा बाहेर आलेला असायचा तो त्या खाचेत बसायचा आणि हॅमर वरून थेट त्याच्यावर आपटायचा. असली काडतुसं खिशात सुटी खुळखुळवत फिरायचं म्हणजे काय डेरिंग राव! पण फ्रेंच नौदलाने १८५८ सालीच लफोशो या फ्रेंच बंदूककाराचं १२ मिमी पिनफायर घेतलं होतं, तेव्हा हसण्यावारी नेऊ नका.

व्हर्नियरचं व्यसन लागलं ते तेव्हापासून. कारण नावावर विश्वास ठेवायचाच नसतो. .३८ घ्या, नावाप्रमाणे ०.३८ इंच हवी, पण गोळी असते साधारण ०.३५७ इंच. आधी गोळी काडतुसाच्या पितळी पुंगळीएवढीच (हिलाच केस म्हणतात) जाड असायची, फक्त बूड तासून आत खुपसलेलं, मग गोळीला लावलेलं ग्रीस बाहेर राहायचं, त्याला धूळ चिकटायची, म्हणून गोळी बारीक करून अख्खी केसमध्ये घातली. गोळी बारीक झाली, नाव मात्र तेच. .४१ लाँग कोल्टची तर गंमतच, १८७७ च्या कोल्ट थंडरर रिव्हॉल्व्हरचं हे काडतूस. त्याची गोळी पुढे नळीपेक्षा चांगलीच बारीक केली आणि बुडाला पोकळ ठेवली, बार उडाला की गॅसच्या दाबाने बूड फुगून नळीला घट्ट बसणार असा सगळा भरवसा!

पण माझं सगळ्यात लाडकं रिव्हॉल्व्हर नागां १८९५. ७.६२ मिमी, सात बार. काडतूस हातात घेतलं तर गोळी दिसतच नाही, केसच्या आत बुडालेली. हॅमर मागे ओढला की सिलिंडर पुढे सरकून नळीला भिडतं, केसचं तोंड नळीत शिरतं आणि बाकीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये जो गॅस फटीतून निसटतो तो इथे अडतो. एवढ्या करामतीची किंमत म्हणजे चाप. हॅमर आधी न ओढता नुसता चाप दाबायला गेलात तर बोट भरून येतं, खरंच.

कायद्यातही या मापांना वजन आहे. अमेरिकेत १८९८ पर्यंत बनलेलं असेल तर फेडरल कायद्याने अँटिक, पण ब्रिटनमध्ये कॅलिबर कालबाह्य मापांच्या यादीत आहे का तेही बघतात. म्हणजे तिकडे वर्ष बरोबर असूनही मापावरून घोळ होऊ शकतो.

आणि हो, स्क्रू. पिनफायरच्या साइडप्लेटचा, म्हणजे बाजूच्या झाकणाचा, स्क्रू मी घरातल्या साध्या, निमुळत्या टोकाच्या स्क्रूड्रायव्हरने काढायला गेलो, आत कुठे शिक्का आहे का बघायचं होतं, आणि खाचेची एक कड सोललीच. दीडशे वर्षं कोणी खराब न केलेला स्क्रू मी अर्ध्या मिनिटात! जुन्या स्क्रूची खाच सरळ आणि अरुंद असते, पातंही तसंच घासून नेमकं बसवावं लागतं, हे मला माहीत होतं हो, उठून ड्रॉवरपर्यंत जायचा कंटाळा केला. आत शिक्काबिक्का काही नव्हता.