यक्षाला उत्तरे मिळाली होती

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहावयास बसलो, तेव्हा सर्वप्रथम आठवला तो माझ्या नववीतील निबंधाच्या वहीचा समास. गावच्या पाणीटंचाईवरील निबंधाचा शेवट मी मोठ्या अभिमानाने ‘हा एक यक्षप्रश्नच आहे’ असा केला होता. आम्हांला मराठी आणि संस्कृत शिकविणाऱ्या सरांनी त्याशेजारी तांबड्या शाईने लिहिले होते, ‘यक्षाला उत्तरे मिळाली होती. तुझे उत्तर कोठे आहे?’

त्यानंतरचे दोन ऑफ तास सरांनी महाभारतातील वनपर्वाच्या अखेरीस येणाऱ्या यक्षप्रश्नाच्या कथेला दिले. ब्राह्मणाच्या अरणी, म्हणजे घासून अग्नी पेटविण्याची लाकडे, शिंगांत अडकवून पळालेल्या हरणामागे धावून पांडव तहानेने व्याकूळ झाले, आणि ‘आधी माझ्या प्रश्नांची उत्तरे द्या, मग पाणी प्या’ ही तळ्याचा धनी असलेल्या यक्षाची अट न जुमानल्यामुळे नकुल, सहदेव, अर्जुन व भीम एकामागून एक काठावर कोसळले. भूमीहून जड कोण, तर माता; वाऱ्याहून वेगवान काय, तर मन; गवताच्या काड्यांहूनही संख्येने अधिक काय, तर चिंता. युधिष्ठिराने एकही प्रश्न सोडला नाही. भावांपैकी एकालाच उठवीन, असे यक्ष म्हणाला, तेव्हा सरांनी थांबून आम्हांला विचारले, आणि सारा वर्ग अर्जुनाचे नाव घेऊन ओरडला. युधिष्ठिराने नकुल मागितला, कारण कुंतीचा एक पुत्र जिवंत होता, तसा माद्रीचाही असावा. साऱ्या प्रसंगात मला आजही हाच भाग सर्वांत कठीण वाटतो.

सर्वच यक्ष प्रश्न विचारीत नाहीत. कुबेराचे सेवक असलेले यक्ष आणि ‘मेघदूता’तील विरही यक्ष वेगळे. परंतु ‘सुत्तनिपात’ या पाली बौद्ध ग्रंथातील आळवक यक्षही बुद्धांना धमकावतो की, उत्तर दिले नाहीस तर तुझे हृदय फाडीन किंवा पाय धरून तुला गंगेपार भिरकावीन, आणि बुद्ध शांतपणे उत्तरे देतात. केनोपनिषदात देवांपुढे प्रकटलेले यक्ष कोण, हे अग्नीला व वायूला उमगत नाही, पण अखेर उमा हैमवती इंद्राला ते सांगते. मराठीत मात्र ‘यक्षप्रश्न’ म्हणजे न सुटणारा प्रश्न, असा अर्थ रूढ होत गेला. ‘अत्यंत बिकट प्रश्न’ या अर्थाला माझी हरकत नाही. ‘अनुत्तरित’ या अर्थाला आहे, कारण उत्तर दिल्यावाचून पाणी मिळणार नाही, ही मूळ अटच त्याने पुसली जाते.

आज मी एका वृत्तपत्रात मुद्रितशोधन करतो. नगरपालिकेच्या नळयोजनेपासून शेतमालाच्या भावापर्यंत कोणत्याही बातमीत हा शब्द आला की, मी पुढचा मजकूर वाचून पाहतो. तेथे उत्तराचा शोध दिसला, तर शब्द तसाच ठेवतो. नाही दिसला, तर त्याखाली रेघ मारून वार्ताहराकडे परत पाठवितो.