गळाची वही: प्रत्येक जागेचे दोन आकडे

वहीत आता माझ्या गळ टाकायच्या सतरा जागा झाल्या. बहुतेक गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यावरच्या, चार आमच्या भागातल्या मामा तलावांच्या, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावांच्या. मरळ कुठे लागते हे लिहायला ही वही केलेली नाही. गेल्या जूनमध्ये सोबतचे काका ओल्या दगडावरून घसरले, पाय मोडला, आणि १०८ वर बोलताना मला जागाच सांगता येईना. "पाळीच्या पल्याड, मोहाच्या झाडापाशी" हे गावातल्या माणसाला कळतं, फोनवरच्या मुलीला कसं कळणार? काका कण्हत होते आणि मी झाडाचं वर्णन करत होतो. तेव्हापासून जाईन तिथले अक्षांश-रेखांश लिहितो.

फुगवट्यावर तर खुणाही टिकत नाहीत. दिवाळीत ज्या खुंटापाशी पाय पाण्यात सोडून बसलो, तो उन्हाळ्यात कोरड्या गाळात उभा असतो आणि पाणी दोनशे पावलं मागे गेलेलं असतं. आकडा तेवढा जागचा हलत नाही.

टॉवर नसला तरी फोन आकडा देतो. जीपीएस उपग्रहांचं फक्त ऐकतं, त्याला नेटवर्क लागत नाही. मात्र डेटा बंद असला की पहिल्यांदा जागा सापडायला काही मिनिटं लागू शकतात, दाट झाडीखाली आणखी. म्हणून पोहोचल्या पोहोचल्या मोकळ्यावर उभं राहायचं, आकडा स्थिर होऊ द्यायचा, पेन्सिलने लिहायचा आणि मगच गरीला गांडूळ लावायचं. दशांश चिन्हापुढे चार अंक पुरतात, चौथा अंक साधारण ११ मीटरचा असतो.

सांगताना घोळ होतो तो इथे: २०.५० अंश आणि २० अंश ५० मिनिटं हे एक नव्हे. दोन्हींत सुमारे ३७ किलोमीटरचा फरक पडतो. मी फोनमध्ये दशांशच ठेवलं आहे आणि "वीस पॉइंट पाच शून्य" असा एकेक अंक म्हणतो. आधी अक्षांश, मग रेखांश. आमच्या भंडारा जिल्ह्यात पहिला आकडा २० किंवा २१ ने सुरू होतो, दुसरा ७९ किंवा ८० ने. उलट लिहिला गेला तर लगेच लक्षात येतं.

आता गेल्या रविवारचं. चुलतभावाला सकाळी आकडा पाठवला आणि म्हटलं, मी पडलो आहे असं समज, ये. तासाभराने त्याचा फोन, "भाऊ, मी त आकड्यापाशी आलो, पण मधात पाणी आहे ना बाप्पा!" तो समोरच्या काठावर उभा, हात हलवताना मला दिसत होता. नकाशाने त्याला सरळ रेषेत सगळ्यात जवळच्या रस्त्यावर नेऊन सोडलं होतं. तिथून माझ्याकडे यायला पुन्हा बारा किलोमीटरचा फेरा.

आपला आकडा अगदी बरोबर असूनही मदत चुकीच्या काठावर थांबू शकते, हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून प्रत्येक जागेपुढे दोन आकडे आहेत. एक पाण्याचा, मी बसतो तिथला. दुसरा गाडीचा, जिथवर रुग्णवाहिका येऊ शकते तिथला. १०८ किंवा ११२ ला आधी गाडीचा सांगायचा, मग तिथून कोणत्या दिशेला किती पावलं ते. खाली एक ओळ वाटेची: "पांदण, पाऊस पडला की चाक फसते, धुऱ्याने पायी."

पानाची नक्कल वहिनीकडे असते. फोन लागत नसेल तर साधा एसएमएस करून बघतो, इंटरनेट नसतं तिथूनही तो कधी कधी निघून जातो. सात वाजेपर्यंत माझा निरोप नाही आला, तर चुलतभाऊ निघणार, असं ठरलं आहे. एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला जाणाऱ्या आमच्या घरच्या बायकांसाठीही असंच एक पान करतो आहे. त्यांची गरज माझ्याहून मोठी आहे, जंगलाच्या काठाला अस्वल असतं.

सतरापैकी बारा जागांचे गाडीचे आकडे झाले. नाल्यापलीकडच्या पाच राहिल्या, त्या पाणी उतरल्यावर, दुचाकीने स्वतः जाऊन बघून लिहीन.