हातचा म्हणजे हातात दिलेली जुडी

शाळेच्या अमृतमहोत्सवाची स्मरणिका निघतेय, जुन्या विद्यार्थ्यांनी दोन पानं लिहा, असा मेसेज ग्रुपवर आला तेव्हा मी जळगावच्या स्टँडवर बसलो होतो. रिटायर झालो तरी स्टँडवर बसायची सवय गेली नाही. लिहायची सवय मात्र नाही, एसटीत कंडक्टर होतो, आयुष्यभर लिहिलं ते वेबिलच, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद. त्यामुळे शाळेचा इतिहास, नवीन इमारत, ध्वजस्तंभ हे सगळं बाकीचे लिहितीलच, मी फक्त चिंचोके गुरुजींबद्दल लिहिणार आहे. खरं नाव लिहायची गरज नाही, गावात हेच नाव चालायचं आणि त्यांनाही ते माहीत होतं.

मी दुसरीत होतो म्हणजे 1975-76 साल असेल. आमच्या वर्गाला बाक नव्हते, बस्करं घरून न्यायची, आणि दप्तरात पाटीबरोबर चिंचोक्यांची पुरचुंडी असलीच पाहिजे हा गुरुजींचा नियम. पाटी विसरली तर चालायची, चिंचोके विसरले तर नाही. पाच चिंचोके मांडायचे, त्यावर दुधाचा रिकामा डबा पालथा घालायचा आणि बाजूला तीन ठेवायचे. आता सांग किती. आम्ही डबा उचलून पहिल्यापासून एक, दोन, तीन करायला लागलो की गुरुजी हात धरायचे. अरे आत पाच आहेत हे तूच मोजलंस ना, ते काही पळून गेले नाहीत, मग परत कशाला मोजतो, पुढे चल. सहा, सात, आठ. एवढ्याशा गोष्टीला त्यांनी आठ-दहा दिवस घातले असतील. आणि तीनवर डबा असेल, बाहेर पाच असतील तर? तरी पाचापासूनच सुरू करायचं, मेहनत कमी पडते. हे त्यांनी सांगितलं नाही, आमच्यातल्याच एका पोरीला सुचलं आणि गुरुजींनी तिला पुरचुंडीभर चिंचोके बक्षीस दिले.

हातच्याचं तर विचारूच नका. कापूस संपला की पऱ्हाट्या सगळ्यांच्या दारात पडलेल्या असायच्या, त्यांच्या बारीक काड्या तोडून आणायच्या, दहा-दहाची जुडी सुतळीने बांधायची. सत्तावीस म्हणजे दोन जुड्या आणि सात सुट्या, अठरा म्हणजे एक जुडी आणि आठ सुट्या. सुट्या एकत्र केल्या की पंधरा. मग गुरुजी ओरडायचे, दहा झाल्या ना, बांधा! बांधलेली जुडी एककाच्या पोराने दशकाच्या पोराच्या हातात द्यायची, म्हणून तो हातचा. चार जुड्या आणि पाच सुट्या, पंचेचाळीस. आजपण मला हातचा म्हटलं की सुतळीचा वास येतो, खोटं वाटेल पण येतो.

आणखी एक म्हणजे पुस्तकातला 'एकूण' हा शब्द आमच्यातल्या निम्म्या पोरांना कळायचाच नाही. घरी आम्ही अहिराणी बोलणारे. गुरुजी सरळ विचारायचे, बठ्ठा मिळीसन कितला? झालं, गणित समजलं. आणि नुसतं सात म्हटलेलं चालायचं नाही. तीन बकऱ्या आणि चार म्हशी मिळून सात काय? सात बकऱ्या? सात म्हशी? शेवटी कुणीतरी म्हणायचं, सात जनावरं. मग पुढचं गणित.

आता केळ्यांचा किस्सा, ज्याच्यासाठी खरं तर लिहायला बसलो. आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याकडे केळी काही नवलाची नाही, पण त्या दिवशी कुणाच्या तरी मळ्यातून गुरुजी दोन फण्या घेऊन आले. आमच्यासमोर मोजल्या, एका फणीत 14, दुसरीत 13. दोन्ही टेबलावर ठेवून वरून उपरणं टाकलं. आता केळ्यांना हात लावायचा नाही, चिंचोके मांडून सांगा बठ्ठी किती. तेवढ्यात पोस्टमन आला आणि गुरुजी बाहेर गेले. मी टेबलाच्या अगदी जवळ बसायचो. पुढे काय झालं ते कळलंच असेल. साल चड्डीच्या खिशात कोंबली.

गुरुजी आत आले, सगळ्यांचे चिंचोके 27. शाबास. वर्गात पोरं किती? सव्वीस. गुरुजी म्हणाले, आणि मी एक, सत्तावीस, म्हणजे प्रत्येकाला एक. वाटायला सुरुवात झाली, मी पण निमूट एक घेतलं, नाही म्हटलं असतं तर संशय आला असता ना! आणि शेवटी गुरुजींच्या हातात काही नाही. पोरं म्हणायला लागली गुरुजी गणित चुकलं. गुरुजींनी परत सगळ्यांना चिंचोके मोजायला लावले, परत 27. मग म्हणाले, चिंचोके बरोबर, केळी कमी, मग चुकलं काय? त्याच पोरीने, चिंचोक्याच्या बक्षीसवालीने, सांगितलं की मिळवणं बरोबर आहे, मध्ये कुणीतरी काढून घेतलंय. गुरुजींनी फळ्यावर 14 + 13 च्या पुढे वजा 1 लिहिलं आणि घंटा होईपर्यंत दुसरंच काहीतरी शिकवत बसले. कोणी घेतलं हे विचारलं नाही. मला घाम फुटला होता.

मी 1991 ला एसटीत कंडक्टर लागलो. तेव्हा मशीन नव्हती, तिकिटांचा ट्रे आणि पंच. सकाळी प्रत्येक किमतीच्या तिकिटाचा सुरुवातीचा नंबर वेबिलवर लिहायचा, संध्याकाळी शेवटचा, मधली किती विकली ते काढायचं. गुरुजी हेच करायचे. डब्यात आठ चिंचोके आहेत, मी मूठभर टाकले, आता तेरा झाले, मी किती टाकले? मी तेव्हा ठासून एकवीस सांगितलं होतं. ते म्हणाले, ओत डबा. ओतला तर आत तेराच, मग एकवीस मी आणले कुठून? सगळ्या नोकरीत माझी कॅश कधी कमी भरली नाही, डेपोत विचारा कोणालाही.

नात नाशिकला असते, दुसरीत आहे. तिला शाळेत शिकवलंय की 'एकूण' दिसलं की बेरीज करायची. दोघांकडे एकूण 12 बोरं, एकाकडे 5, तर दुसऱ्याकडे किती? तिने लिहिलं 17. अक्षर छान, वही छान, वर्कशीट रंगीत, पण सतरा. शेंगदाणे घेऊन बसलो मग तिच्यासोबत, दोन गठ्ठे करून दाखवले, तिने मधल्यामध्ये चार खाल्ले. घराण्याचा गुण. आपल्या शाळेत मागच्या वर्षी गेलो तर टीव्ही लागलाय भिंतीवर, चांगलं आहे, पण पट पार उतरलाय, पोरं सकाळी पिवळ्या बसने तालुक्याला जातात. चिंचेचं झाडही रस्त्यात गेलं.

गुरुजी जाण्याच्या आदल्या वर्षी भेटलो होतो. नजर कमी झाली होती, आवाजावरून ओळखलं. पेढे नेले होते, ते ठेवले आणि इतकी वर्षं पोटात होतं ते सांगून टाकलं, की गुरुजी ते केळं मी खाल्लं होतं. त्यांना काही आठवेना. कोणतं केळं रे? मी सगळं सांगितलं, फण्या, उपरणं, पोस्टमन. पट सव्वीस होता एवढं त्यांना बरोबर आठवत होतं. मग थोडा वेळ बोटांवर काहीतरी करत बसले आणि म्हणाले, वाटताना तू परत घेतलं होतंस का? म्हटलं हो.

"म्हणजे तू दोन खाल्ली."